चाळीसपैकी चाळीस

संचिताच्या चपला नीलाने जिन्यातूनच ओळखल्या. तपकिरी, डाव्या पायाचा पट्टा तुटलेला आणि निळ्या दोऱ्याने शिवलेला. जुलैमध्ये हाच जोड दोनदा नीलाच्या दाराबाहेर होता. आज, सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, तो शेजारच्या दाराबाहेर होता. म्हणजे मृणालच्या. तिथे आणखी तीन जोड होते आणि त्यांच्या मालकिणी सतरंजीवर बसून, मोबाइल चाळत, आपल्या नंबराची वाट बघत होत्या. नीलाच्या दाराबाहेर एकही जोड नव्हता.

नीलाच्या पोटात दुखलं. गोल गोल सांगण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं हेच जिचं काम, तिला स्वतःच्या मनातलं कळलं नाही असं म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? तिला नीट कळलं. हेवा वाटला, सणसणीत वाटला, आणि तो बरोबर घेऊनच ती आपल्या खोलीत जाऊन बसली.

ठाण्याच्या त्या कॉलेजातलं समुपदेशन केंद्र नीलाने उभं केलं होतं. चौदा वर्षांपूर्वी ती जागा म्हणजे खेळाच्या सामानाची खोली होती. फाटक्या जाळ्या, हवा गेलेले फुटबॉल आणि त्यांचा तो कुबट वास. मानसशास्त्र शिकवता शिकवता नीलाने चार प्राचार्यांच्या मागे लागून ती खोली मिळवली, स्वतः झाडली आणि मानपाड्याच्या घरातली सतरंजी बसमधून आणून दाराशी अंथरली. चपला बाहेर काढायचा नियमही तिचाच. पाय मोकळे झाले की माणूस बोलायला मोकळं होतं, असं तिचं मत होतं. तिच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली बाई. दारावर आपल्या नावाची पाटी लागली तेव्हा तिने वडिलांना मुद्दाम आणून ती दाखवली होती.

यंदा जूनमध्ये त्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली आणि भिंतीपलीकडे मृणाल आली. वय एकोणतीस, कल्याणची मुलगी, बेंगळुरूला शिकून आलेली. प्लायवूडमधून शब्द कळत नसत, पण हसू कळे. मुलं तिला मृणालताई म्हणायची. नीलाला चौदा वर्षांत कुणी मॅडमच्या पुढे नेलं नव्हतं.

बरं, मुलगी उर्मट असती तर नीलाचं काम सोपं झालं असतं. पण मृणाल सकाळी आली की आधी नीलाच्या दारात डोकावून चहाचं विचारायची. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. नीला ते कष्ट घेत होती.

चिठ्ठीचं खूळ मृणालचंच. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला मुलाने आपला आठवडा कसा गेला त्याला दहापैकी गुण द्यायचे. भेट संपली की दुसरी चिठ्ठी. तिच्यावर चार प्रश्न: माझं ऐकून घेतलं का, मला हवं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण भेट कशी झाली. प्रत्येकाला दहा गुण, सगळे मिळून चाळीस. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर.

"आपण चांगलं काम करतो असं आपल्याला वाटतं, मॅडम," मृणाल म्हणाली होती. "पण मुलांना बरं वाटतंय का हे आपण कधी मोजतच नाही."

चौदा वर्षं काम केलेल्या बाईला हे तोंडावर सांगायचं म्हणजे काय! पण प्राचार्यांना कल्पना फार आवडली. वरून परिपत्रक आलंच होतं की प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुख हवा. "दिवाळीआधी दोघींचे आकडे बघू आणि प्रमुख नेमू," त्यांनी जाहीर करून टाकलं. नीलाने मान डोलावली. ज्या पदाची ती चौदा वर्षं वाट बघत होती, त्यासाठी आता तिची परीक्षा होणार होती, आणि पेपर काढला होता शेजारणीने.

पण झालं उलटंच. नीलाला चाळीसपैकी चाळीस मिळू लागले.

ती चिठ्ठी मुलाच्या हातात द्यायची, पेन द्यायची आणि समोरच बसून मायेने बघत म्हणायची, "लिही हं, मनापासून." मुलं मनापासून दहा, दहा, दहा, दहा लिहायची. मितेश नावाच्या एका मुलाने तर विचारलं, "मॅडम, दहाच्या वर नाही का काही?" नीलाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. मितेश पुन्हा आला नाही, पण त्याला आता गरजच उरली नसेल, असं तिने धरलं.

संचिताचंही तसंच. दुसऱ्या वर्षाची ही मुलगी परीक्षेच्या हॉलमध्ये बसली की तिचा श्वास अडकायचा, हातातून पेन सुटायचं. पहिल्या वर्षाचे दोन पेपर ती अर्धे टाकून उठली होती. यंदा नोव्हेंबरात पुन्हा तेच झालं तर वर्ष जाणार होतं. नीलाने तिला धीर दिला, श्वासाचे व्यायाम शिकवले, पाठीवर हात फिरवला. संचिताने दोन्ही वेळा चाळीस दिले आणि दुसऱ्या वेळी वाकून नमस्कार केला. स्टाफरूममध्ये नीलाने नाव न घेता ती गोष्ट तिघाचौघांना तरी सांगितली होती, की एक मुलगी दोन भेटींत कशी उभी राहिली.

मृणालचे आकडे त्याच रजिस्टरमध्ये होते. चोवीस. सत्तावीस. एकोणीस. नीला ते रोज बघायची आणि रोज तिला गारगार वाटायचं. मृणाल चिठ्ठी हातात दिली की पाण्याची बाटली भरायला बाहेर निघून जायची. परत येऊन ती मुलासमोरच आकडे वाचायची आणि विचारायची, "सहाच का? माझं काय राहिलं?" दार उघडं राहिलं की हे नीलाला ऐकू यायचं. स्वतःच्या हाताने स्वतःची उणीदुणी काढून घेणारी ही कसली हुशार, असं तिला वाटायचं.

आता मात्र त्या निळ्या दोऱ्याने सगळ्यावर पाणी फिरवलं. चाळीस देऊन गेलेली मुलगी एकोणीसवालीच्या दारात काय करत होती?

रविवारी नीलाने नवऱ्यापुढे सगळे आकडे मांडले. कुंडलिक मानपाड्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झाला होता. त्याने चहाचा घोट घेत रजिस्टरचे फोटो शांतपणे पाहिले.

"सगळ्यांनी पैकीच्या पैकी?"

"जवळजवळ सगळ्यांनी."

"आमच्याकडे सगळी सॅम्पलं शंभर टक्के पास झाली ना," कुंडलिक म्हणाला, "की आम्ही आधी मशीन उघडून बघायचो."

"माझी मुलं म्हणजे रंगाचे डबे नाहीत."

"मी कुठे म्हटलं? डबे खोटं बोलत नाहीत."

नीलाने त्याच्यापुढची चकल्यांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते तिने करायला नको होतं. इथलं बोलणं बाहेर जात नाही, असं हजारो मुलांना सांगितलेल्या या बाईने भर जिन्यात संचिताला गाठलं. मागून दोन मुली येत होत्या, तेही तिने पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

"काय गं, विसरलीस ना आम्हाला?"

"नाही मॅडम. ते मृणालताईंकडे असंच गेलेले. मैत्रिणीसोबत."

"माझं काही चुकलं होतं का?"

"नाही नाही. तुम्ही तर एकदम बेस्ट आहात, मॅडम."

"मग एकीकडचं अर्धवट टाकून दुसरीकडे जायचं, हे बरं दिसतं का? उद्या सगळे म्हणतील, नीला मॅडमना जमलं नाही म्हणून मुलगी तिकडे गेली."

मागच्या दोघी थबकल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. संचिताचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला, "सॉरी मॅडम," एवढंच म्हणून ती भराभर खाली उतरून गेली.

पुढच्या मंगळवारी निळ्या दोऱ्याच्या चपला मृणालच्या दाराबाहेर नव्हत्या. नीलाला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आता त्या आपल्या दाराशी येतील म्हणून तिने सतरंजीसुद्धा झटकून घेतली. त्यानंतरच्या मंगळवारीही चपला नव्हत्या, इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत. टेंभी नाक्यावर देवी बसली होती, रस्ते बंद होते, अर्धं कॉलेज दर्शनाच्या रांगेत होतं. संचिताही तिथेच असेल, असं नीलाने स्वतःला सांगितलं. देवी उठली, मंडप उतरला, आणखी एक मंगळवार आला. चपला नाहीत. आता नीलाला बरं वाटणं थांबलं होतं, पण विचारणार कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. संस्थेकडून तानाजीराव आले होते. वयस्कर, कडक इस्त्रीचा सदरा, आणि कुणीही बोललं तरी मान डोलावणारे. मृणालने भिंतीवर आकडे दाखवले.

नीलाकडे सत्रात अठ्ठावन्न मुलं आली होती. एकोणपन्नास जणांनी पहिल्याच भेटीला चाळीस दिले. त्यांतली दुसऱ्यांदा किती आली? सहा.

नीलाला वाटलं, आता ही मला सगळ्यांसमोर सोलणार.

"हे मॅडमचं किंवा माझं असं नाहीये," मृणाल म्हणाली. "माझ्याकडे नऊ जणांनी चाळीस दिले, त्यातला एकच परत आला. ज्यांनी कमी दिले आणि ते का दिले हे बोलून दाखवलं, ती मुलं येत राहिली. त्यांचे आठवड्याचे गुण हळूहळू वर गेलेत. एका सत्रावरून मी फार छातीठोक बोलणार नाही, सर. पण परत न आलेली मुलं बरी होऊन थांबली असंही असू शकतं, म्हणून ऑफिसमधून त्यांना बिननावी फॉर्म पाठवला. एकतीस उत्तरं आली. बावीस जण म्हणतात, त्रास तसाच आहे."

"मग चाळीस का दिले?" प्राचार्यांनी विचारलं.

मृणालने एक उत्तर वाचून दाखवलं. "मॅडमनी एवढा वेळ दिला, कमी लिहिलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. आणि चाळीस दिल्यावर परत कोणत्या तोंडाने जाणार, की अजून बरं नाही म्हणून?"

नीलाच्या डोळ्यांसमोर मितेश आला, दहाच्या वर काही आहे का विचारणारा.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचा अभ्यास उत्तम आहे, मृणाल. पण मी तीस वर्षं पेपर तपासलेत. चाळीसपैकी चाळीस म्हणजे चाळीसपैकी चाळीस." तानाजीरावांनी मान डोलावली. नीला मॅडम केंद्रप्रमुख, पत्र सोमवारी निघेल, असं ठरलं आणि पेढ्यांचा डबा उघडला.

नीला जिंकली होती. चौदा वर्षांनी जिंकली होती. पेढा तिने तोंडात टाकला. जूनपासून तिला मृणालच्या दाराबाहेरच्या चपलांचा हेवा वाटत आला होता. आता त्या बैठकीत, जिंकून बसलेली असताना, तिला हेवा वाटला तो मृणालच्या एकोणीसचा. आपल्याला मुलांनी दिलं ते सगळं नमस्कारासारखं होतं. मृणालला मुलं खरं सांगत होती.

बाहेर आल्यावर मृणालने हात पुढे केला. "अभिनंदन, मॅडम. तुमचं केंद्र आहे, तुम्हालाच मिळायला हवं होतं." आणि मग, आवाज खाली आणून, "एक विचारू? माझी एक मुलगी आहे. नंबर सतरा. दोनवरून सहावर आली होती. मला तिने दोनदा एकोणीस दिले, मग सव्वीस. परीक्षेच्या हॉलमध्ये रोज दहा मिनिटं नुसतं जाऊन बसायचं, एवढं ठरलेलं आमचं. आणि अचानक बंद. मेसेजला उत्तर नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, पण काय ते कळत नाहीये."

तिने कागद दाखवला. एक रेघ वर वर चढत गेली होती आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी तुटली होती.

"बघू," नीला म्हणाली, आणि पळ काढावा तशी निघून गेली.

शुक्रवारी ती संचिताला शोधायला स्वतः लायब्ररीत गेली. मुलगी कोपऱ्यात वही उघडून बसली होती, पान कोरं होतं. तिच्या गालांची हाडं वर आली होती. नीलाने तिला केंद्रात आणलं, दार लावलं, आणि पाठीवर फिरवायला उचललेला हात तसाच मागे घेतला.

"त्या दिवशी जिन्यात मी जे बोलले ते चूक होतं," ती म्हणाली. "तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला मृणालचा हेवा वाटला, म्हणून बोलले."

एवढी मोठी बाई असं काही बोलली की त्यावर काय म्हणायचं, हे संचिताला कुणी शिकवलं नव्हतं. नीलाने टेबलावर चिठ्ठी ठेवली. "जुलैमधल्या भेटींना पुन्हा गुण दे. खरे दे."

"मॅडम, तुम्हाला राग नाही ना येणार?"

"येईल," नीला म्हणाली. "तरी लिही."

आणि ती उठून बाहेर गेली. सतरंजीवर बसली, जिथे ती या चौदा वर्षांत कधीच बसली नव्हती. शेजारी निळ्या दोऱ्याच्या चपला होत्या. पलीकडच्या दाराबाहेर चार जोड होते. ते मोजायची खोड अजून गेली नव्हती.

आत आली तेव्हा चिठ्ठीवर अकरा होते. अकरा, चाळीसपैकी. ऐकून घेतलं का, याला दोन. राग आला, कबूल केल्याप्रमाणे आला. कानशिलं तापली. तो ओसरू देऊन नीलाने विचारलं, "दोन का?"

"मी सांगायला सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, होईल सगळं ठीक." संचिताचा आवाज आधी ऐकूच येत नव्हता. "मग मला वाटायचं, आता ठीक झालं असंच सांगायला पाहिजे. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं."

"आता सांगशील?"

पहिल्या पेपरच्या दिवशी काय झालं होतं ते संचिताने पाऊण तास सांगितलं. तेवढ्या वेळात "होईल सगळं ठीक" नीलाच्या जिभेवर चार वेळा आलं आणि चारही वेळा तिने ते गिळलं. शेवटी तिने विचारलं, "हे मृणालला सांगायला जायचंय का तुला?" संचिताने लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच म्हणायची काही गरज नव्हती, असं नीलाला वाटून गेलं.

तिने स्वतः मृणालचं दार वाजवलं. "सतरा नंबर," ती म्हणाली. "तू कुठेच चुकली नव्हतीस. मीच तिला जिन्यात अडवून टोचून बोलले होते." मृणालने मुलीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

सोमवारी पत्रावर सही व्हायच्या आधी नीला प्राचार्यांसमोर जाऊन बसली. माझे आकडे धरू नका, मृणालला प्रमुख करा, असं तिने सांगितलं, आणि पुरावा म्हणून अकराची चिठ्ठी पुढे केली. प्राचार्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"एवढ्यासाठी? अहो मॅडम, एकोणपन्नास चाळिसांत एक अकरा. काढून टाका फाइलमधून, कोण बघतंय?"

"नको सर," नीलाने चिठ्ठी परत घेतली. "चौदा वर्षांत खरी अशी मला ही एकच मिळाली आहे."

नीला अडूनच बसली, आणि दिवाळीनंतर केंद्रप्रमुखाची पाटी मृणालच्या दारावर लागली. त्या दिवशी नीला घरी जाऊन स्वयंपाकघरात रडली आणि कुंडलिकने शहाण्यासारखी चकल्यांची बशी तिच्यापुढे आणून ठेवली. मंगळवारी ती आली तेव्हा निळ्या दोऱ्याच्या चपला पलीकडच्या दाराबाहेर होत्या. तिच्या पोटात पूर्वीइतकंच दुखलं. तिच्या स्वतःच्या दाराबाहेर एक जोड होता, पहिल्या वर्षाच्या कुण्या मुलाचे बूट. तासाभराने तिने त्या मुलाच्या हातात चिठ्ठी दिली, पेन दिलं, आणि पाण्याची भरलेली बाटली उचलून पुन्हा भरायला बाहेर निघून गेली.